विषय क्रमांक चार

मला माझ्याच कंपनीतून काढलं, त्या मीटिंगच्या कागदावर एकूण पाच विषय होते. पहिला, गेल्या तीन महिन्यांचं काम. दुसरा, नवीन खुर्च्या. तिसरा, कॉफीचं मशीन. चौथा मी. पाचवा, आयत्या वेळचे विषय. कॉफीच्या मशीनवर वीस मिनिटं चर्चा झाली, कारण ते दुधाला फेस आणत नव्हतं. माझ्यावर सात मिनिटं झाली आणि त्यातली दोन मी नाक शिंकरण्यात घालवली. रडत नव्हतो, सर्दी झाली होती. पण समोर बसलेल्यांनी एकदम माना खाली घातल्या, तेव्हा म्हटलं, राहू दे, कशाला खुलासा करा.

कागदावर माझं नाव नव्हतं. 'तांत्रिक सहसंस्थापकांचे संक्रमण' असं लिहिलं होतं. सर्दीची बातमी इतक्या लवकर कागदावर कशी आली, याचंच मला क्षणभर नवल वाटलं. मग साडूने घसा खाकरून तो विषय वाचायला घेतला आणि मला कळलं की जायचंय ते सर्दीने नाही, मी.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. या नात्याला आपल्याकडे शब्द आहे, पण या नात्यात नक्की करायचं काय असतं हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. एरवी एकमेकांचं तोंडही पाहिलं नसतं असे दोन पुरुष केवळ दोन बहिणींच्या पसंतीपायी जन्मभर फोटोत शेजारी शेजारी उभे राहतात. आम्ही त्याच्याही पुढे गेलो आणि कंपनी काढली.

मी लिफ्टवाला. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. डिग्रीबिग्री नाही, कान आहेत. लिफ्ट बंद पडायच्या आधी दोन-तीन आठवडे कुरकुरायला लागते. दार लागताना, मोटर सुरू होताना, ब्रेक सुटताना तिचा आवाज बदलतो. मी हे आवाज साठवत आलो, आधी कॅसेटवर, मग फोनवर. एका कॅसेटवर आमच्या मुलीचे बोबडे बोल होते, त्यावर मी चुकून एका मालवाहू लिफ्टचा ब्रेक टेप केला. ते प्रकरण घरात अजून मिटलेलं नाही.

साडू विमा विकायचा. समोरच्या माणसाला पाच मिनिटांत स्वतःच्या मरणाबद्दल उत्साह वाटायला लावेल, असा विकायचा. सासुरवाडीला एकदा मी जेवताना सहज म्हणालो, की तुमच्या इमारतीची लिफ्ट गुरुवारपर्यंत टिकत नाही. ती बुधवारी बंद पडली. गुरुवारी साडू माझ्या घरी आला. म्हणाला, "दादा, तुमचे कान पेटीत घालून विकू या."

तर आम्ही पेटी केली. लिफ्टच्या डोक्यावर बसवायची, ती ऐकत राहते आणि काही खटकलं की फोनवर कळवते. तिला शिकवायला माझे तोवरचे सगळे आवाज वापरले. प्रोग्रॅम लिहायला दोन हुशार पोरी ठेवल्या, विकायला साडू होताच. तीन वर्षांत तीनशे इमारतींत पेट्या लागल्या. मग पैसे गुंतवणाऱ्या एक बाई आल्या. त्या आल्यावर ऑफिसात काचेच्या भिंती आल्या, कॉफीचं मशीन आलं आणि विषयपत्रिका आली.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही काही सही-बिही केली नव्हती का? केली होती ना. साडूच्या मुलीच्या वाढदिवसाला, केकच्या रिकाम्या खोक्यावर कागद ठेवून केली होती. "नेहमीचंच आहे, दादा," तो म्हणाला. मीही नेहमीप्रमाणेच वाचलं नाही.

मीटिंगनंतर घरी आलो. बायको गणित शिकवते. ती जेवणाच्या टेबलावर सहामाहीचे पेपर तपासत बसली होती.

"मला काढलं," मी म्हणालो.

"कशातून?"

"कंपनीतून."

"कोणी?"

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याने."

लाल पेन खाली ठेवून ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. तासाभराने बाहेर आली. "तिला काहीही माहीत नव्हतं. ती त्याला असं बोललीय, की आता आठवडाभर तो सोफ्यावर झोपणार."

"आणि मी काय करू?"

"लढायचं असेल तर लढ. मी तुझ्या बाजूने आहे. पण आमचं ठरलंय, आम्ही दोघी या विषयावर एकमेकींशी बोलणार नाही. बाकी सगळं रोजच्यासारखं बोलणार."

"आणि माझं काय चाललंय ते तिला कसं कळणार?"

"तुझं काय चाललंय हे कळावं असं तिला का वाटेल?" असं म्हणून तिने पुढचा पेपर ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाचे बूट घालून तयार झालो आणि मग आठवलं की जायचं कुठेच नाही. बूट तसेच ठेवून सोफ्यावर बसलो. आठवडाभर हेच. आंघोळ करताना मी साडूला भाषणं द्यायचो. फार चांगली भाषणं. एकात तर तो शेवटी रडलासुद्धा. बाहेर येऊन टॉवेल शोधेपर्यंत सगळं विसरायचो.

या सगळ्यात खरा आनंद झाला तो सासऱ्यांना. ते चाळीस वर्षं कोर्टात स्टेनोग्राफर होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांची भांडणं शॉर्टहँडमध्ये उतरवली आणि घरात एकही धड भांडण नाही, याची त्यांना आतून खंत होती. बातमी कळल्यावर ते स्वतः आले, हातात नवी कोरी वही.

"जावईबापू, केस उभी राहते," बसायच्या आधीच ते म्हणाले.

"पण समोर तुमचेच दुसरे जावई आहेत."

"म्हणूनच तर. दोन्ही बाजूंची माहिती मला थेट मिळेल."

वकीलबाईंचा पत्ता त्यांनीच दिला. बाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. मला ते शुभ वाटलं. बाई बिस्किट चहात बुडवून खात माझा करार वाचत होत्या. एका पानावर त्यांचं बिस्किट तुटून चहात पडलं, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गंभीर आहे.

"हे कलम वाचलंत? बाहेर पडल्यावर तीन वर्षं लिफ्टशी संबंधित कोणतंही काम करायचं नाही. कोणत्याही स्वरूपात."

"मला दुसरं काही येतच नाही."

"तसं इथे अपवाद म्हणून लिहिलेलं नाही."

"मी सहाव्या मजल्यावर राहतो. बटण दाबलेलं चालेल का?"

बाई हसल्या नाहीत. बहुतेक हसण्याचे वेगळे लावत असाव्यात. त्यांनी पुढचं पान उलटलं, मग मागचं, मग पुन्हा पुढचं. "तुमचे ते आवाज. ते कंपनी निघायच्या आधीचे ना? ते कंपनीला देतो असं तुम्ही कुठे लिहून दिलंय?"

"नाही. कुणी मागितलंच नाही."

बाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मी याआधी फक्त माझ्या मेहुणीच्या चेहऱ्यावर पाहिलंय, ती दातांची डॉक्टर आहे आणि कुणाची अक्कलदाढ आडवी निघाली की खुलते. "मग ते तुमचे आहेत. आपण ते वापरायला मनाई मागू. तीनशे पेट्या एका दिवसात बहिऱ्या. तीन वर्षं लागतील, कदाचित चार. पण तुमचे साडू तुमच्या दारात येतील."

खोटं कशाला बोलू, जिने उतरताना मी शीळ घालत होतो.

नोटीस पाठवायच्या आधी सासूबाईंनी एक प्रयत्न केला. रविवारी दुपारी दोन्ही मुली, दोन्ही जावई, सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि आम्हा दोघा साडूंना समोरासमोर बसवलं. साडू सुकला होता. सोफ्यावर झोपून त्याची मान एका बाजूला धरली होती, त्यामुळे तो माझ्याशी बोलताना सासूबाईंकडे बघत होता. दोघी बहिणी पडद्यांच्या कापडाबद्दल इतक्या जोरात बोलत होत्या, की त्याखाली दुसरं काही बोलायची सोयच नव्हती. तरी मी बोललो. बरंच बोललो. साडूही बोलला. सासरे टेबलाच्या टोकाला बसून खाली मान घालून जेवत होते असं मला वाटलं.

ते जेवत नव्हते, लिहीत होते. चाळीस वर्षांची सवय. सगळे पांगल्यावर त्यांनी मला बाल्कनीत नेलं आणि वही उघडून कोर्टातल्यासारखं सपाट आवाजात वाचायला लागले.

"साडू क्रमांक एक : मीठ. साडू क्रमांक दोन : घ्या. साडू क्रमांक एक : माझी कल्पना, माझे आवाज, माझे कान. साडू क्रमांक दोन : कान कुणी नेले नाहीत, दादा. साडू क्रमांक एक : माझं नाव दारावरून काढलं. साडू क्रमांक दोन : दार काचेचं आहे, त्यावर कुणाचंच नाव नाही. साडू क्रमांक एक : माझी खुर्ची. पत्नी, साडू क्रमांक एक यांची : भाजी घे."

असं चार पानं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही 'माझं, माझी, माझे' मिळून एकतीस वेळा म्हणालात. मी मोजत नाही, आपोआप मोजलं जातं. एक विचारू? जिंकलात तर तुम्हाला नक्की काय हवंय? नोटिशीत ते शेवटी लिहावं लागतं."

"कंपनी परत हवी."

"म्हणजे त्या मीटिंगा?"

त्या काचेच्या खोलीत दर सोमवारी मी झोप आवरत बसायचो, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. ते उठले आणि जाताजाता म्हणाले, "माझा आग्रह नाही हो. मी वही घेऊन ठेवलीय, इतकंच."

मंगळवारी सकाळी फोन आला. एका आठ मजली इमारतीत राहणाऱ्या नृत्यशिक्षिका. वय सत्तरच्या पुढे. त्यांचे यजमान चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांच्या लिफ्टवर आमची पेटी होती आणि पेटी म्हणत होती, सगळं उत्तम.

"पेटीचं मला सांगू नका," बाई म्हणाल्या. "लिफ्ट तालात चालत नाहीये. पाचव्या मजल्याच्या वर गेली की एक मात्रा चुकते."

मी त्यांना सांगायला हवं होतं की मी आता तिथे नाही, कंपनीच्या नंबरवर फोन करा. तीन वर्षांची अटही होती. मी विचारलं, "वर जाताना चुकते की खाली येताना?"

"दोन्हीकडे. पण वर जाताना जास्त."

कामाचे बूट दाराशीच होते. अर्ध्या तासात पोचलो. इमारतीची देखभाल करणारा माणूस मला ओळखत होता, त्याने मशीनची खोली उघडून दिली. आम्ही दोघं लिफ्टच्या टपावर बसून हळूहळू वर गेलो. पाचव्याच्या वर, बरोबर तिथेच, टक्. फार बारीक. लिफ्ट ज्या रुळांना धरून सरकते त्यांना पकडून ठेवणारा एक तुकडा असतो, त्याचं आतलं अस्तर एका बाजूने पार झिजलं होतं. आणखी महिनाभर तसंच चाललं असतं तर लिफ्ट मध्येच अडकली असती आणि चाकाची खुर्ची घेऊन कुणी जिन्याने उतरत नाही. पेटीला हे का कळलं नाही, तेही कळलं. तिला शिकवलेल्या आवाजांत हा आवाजच नव्हता. मलाही नवा होता. मी फोन काढून तो आधी नीट टेप केला, तीन वेळा. मग देखभालवाल्याने दुकानातून नवीन अस्तर आणलं आणि आम्ही ते बसवलं.

खाली आलो तेव्हा कोपरापर्यंत ग्रीस होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती. बाईंनी यजमानांना लिफ्टमध्ये घालून आठव्यापर्यंत नेलं, परत आणलं आणि मानेनेच सम दाखवली. मी घड्याळ बघितलं. अडीच तास झाले होते. त्या अडीच तासांत मला साडूची एकदाही आठवण आली नव्हती.

मला ते आवडलं नाही. इतका राग मी दोन आठवडे जपून ठेवला होता, आंघोळीत वाढवला होता आणि एका झिजलेल्या अस्तरापुढे तो टिकू नये?

तिथूनच वकीलबाईंकडे गेलो. "नोटीस बदला," मी म्हणालो. "कंपनी नको. खुर्ची नको. ती तीन वर्षांची अट काढायची आणि आवाज माझेच आहेत असं त्यांनी लिहून द्यायचं. हवे तर वापरू देत. पेट्या बंद करायच्या नाहीत, त्या इमारतींत माणसं राहतात. नवे आवाजही मी पाठवत जाईन."

"एवढंच?"

"एवढं नाही दिलं, तर मात्र तुमची तीन वर्षं. चार लागली तरी चार. इथून मागे हटणार नाही."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी वाढलेलं ताट टाकून चाललोय. "इतकी चांगली केस," त्या पुटपुटल्या आणि बिस्किटांचा डबा माझ्यापासून दूर सरकवला. सासऱ्यांनी तर दोन दिवस माझा फोन घेतला नाही.

आता तुम्हाला वाटत असेल, की मधल्या काळात साडू कुठल्यातरी लिफ्टमध्ये अडकणार. मलाही वाटत होतं. मी मनापासून वाट पाहिली. नाही अडकला.

कंपनीने आधी अट काढायला साफ नकार दिला. मग त्यांच्या वकिलाने आवाजांचे कागद शोधले आणि ते सापडेनात. महिनाभर पत्रं इकडून तिकडे गेली. बायको रोज विचारायची, "आलं का काही?" आणि नाही म्हटलं की तिचं पेन पोरांच्या पेपरवर जरा जास्तच जोरात चालायचं. एकदा रात्री जेवताना ती म्हणाली, "हरलास तर आपण माझ्या पगारात चालवू. पण माघार घेऊन घरात असा सोफ्यावर बसून राहिलास, तर ते मला चालणार नाही." बावीस वर्षांच्या संसारात एवढं गोड ती पहिल्यांदाच बोलली.

शेवटी सह्या करायला आम्ही वकीलबाईंच्या ऑफिसात जमलो. साडू तीन जिने चढून आला तेव्हा धापा टाकत होता. कागदावर मला हव्या होत्या त्या दोन्ही गोष्टी होत्या. बाकीचं वकीलबाईंनी बघितलं, ते मला धड कळलं नाही आणि इथे त्याचं कामही नाही. या वेळी मी प्रत्येक पान वाचलं. पाऊण तास लागला. सगळे खोळंबले होते. मी एक शब्द अडला म्हणून तो पुन्हा वाचला.

वकील मंडळी शिक्के मारायला आत गेली. आम्ही दोघंच उरलो.

"दादा, मला तुम्हाला काढायचं नव्हतं," साडू म्हणाला.

"विषय तूच वाचलास."

"तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात, पेटी पाचात एकदा चुकते. त्या गुंतवणूकवाल्या बाईंसमोरही सांगितलंत."

"चुकतेच."

"चुकते हो! पण मी विकणार कसं?" आणि पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून बोलला, मान सरळ झाली होती बहुतेक. "त्या म्हणाल्या, हे गृहस्थ राहिले तर मी नाही. मी रात्रभर विचार केला. मग तुमच्या ऐवजी त्यांना ठेवलं. त्यात माझं चुकलं असेल. पण तुम्हाला समोर बसून आधी सांगितलं नाही, ते नक्की चुकलं. कागदावर चौथा नंबर घातला, कारण आधीच्या तीन विषयांत तुम्ही स्वतःच कंटाळून उठून जाल असं वाटलं."

हे इतकं खरं होतं, की मला राग येईना. मी उठून गेलोच असतो, कॉफीच्या मशीनच्या विषयालाच. सर्दीमुळे बसून राहिलो. बावीस वर्षं मी लिफ्टचं ऐकत आलो. माणूस कुरकुरायला लागला की मात्र मला काही ऐकू येत नाही, हे बायको मला कधीपासून सांगत होती.

"मी तुला माफ केलेलं नाही," मी म्हणालो.

"नाही, नाही. घाई नाही."

कागद घेऊन आम्ही खाली उतरलो. माझं घर तिथून दोन बस बदलून. साडूने गाडीचं दार उघडलं. नको म्हणायचं होतं, पण बसच्या रांगेत चाळीस माणसं होती आणि तत्त्वापेक्षा पाय जास्त दुखत होते. बसलो. मग त्याने सिग्नलला डावीकडचा इंडिकेटर लावला.

"सरळ घे," मी म्हणालो. "डावीकडे पाइपाचं काम चाललंय."

"फोन दाखवतोय, मोकळा आहे."

"मी सकाळी तिथून आलो."

"दादा, फोनला आत्ताचं कळतं. तुम्हाला सकाळचं."

त्याने गाडी डावीकडे घातली. पन्नास पावलांवर रस्ता खणलेला होता, आडवी पट्टी लावलेली आणि पट्टीच्या पलीकडे खड्ड्यात उभे राहून चार कामगार आमच्याकडे बघत होते. मागे तोवर तीन गाड्या येऊन अडकल्या आणि सगळे हॉर्न वाजवायला लागले. साडूने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

गप्प बसायचं मी ठरवलं होतं. एक मिनिटभर बसलोही. मग काच खाली करून मागच्या गाडीवाल्याला ओरडून सांगितलं, "अहो, मी सांगितलं होतं याला!"